पाते, नळी आणि मन

शस्त्राच्या नैतिकतेचा विचार करणाऱ्यांमध्ये फार जुन्या काळापासून दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मते शस्त्र ही जड वस्तू असल्यामुळे तिला स्वतःचे पाप-पुण्य नसते आणि जो काही दोष किंवा गौरव असेल तो धारण करणाऱ्याच्या हेतूचा असतो. दुसऱ्या पक्षाच्या मते जी वस्तू माणसाच्या शरीरात शिरावी अशाच बेताने घडवली गेली, तिच्या आकारातच हेतू साठवलेला असतो, आणि म्हणून ती हाती घेणारा मनुष्य कोऱ्या मनाने तिच्याकडे जाऊच शकत नाही. या वादाचा कस पाहण्यासाठी तलवारीपेक्षा किंवा तोफेपेक्षा संगीन अधिक उपयोगी पडते. संगीन म्हणजे बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी बसवायचे पाते. सुटे असताना ते साधा सुरा असते, नळीवर चढले की सबंध बंदूक भाला होते, आणि मानवंदनेच्या वेळी तेच पाते कोणाच्याही अंगाला न लागता केवळ झळकण्यासाठी असते. एकाच लोखंडाला इतके वेगवेगळे अर्थ कशामुळे येतात, हा प्रश्न चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलमुलखात पुस्तकी राहिलेला नाही. येथे भाल्याच्या पात्यात कुळाचा देव पाहणारे लोक आहेत, येथे 1858 आणि 1942 या दोन्ही वर्षी सरकारी बंदुका लोकांवर रोखल्या गेल्या, येथेच 1956 मध्ये लाखोंनी बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि गेल्या चार दशकांत येथल्या गावांनी बंदुकीच्या सावलीत दिवस काढले.

मराठीतील संगीन हा शब्द फारसीतून आला असून त्याच्या मुळाशी दगड हा अर्थ आहे, त्यामुळे भक्कम, पक्क्या कामालाही मराठीत संगीन म्हणत. युरोपीय भाषांतील बायोनेट या नावाचा संबंध फ्रान्समधील बायोन या गावाशी लावला जातो. सतराव्या शतकातील पहिल्या संगिनींना लाकडी मूठ असे आणि ती नळीच्या तोंडात खुंटीसारखी ठोकून बसवावी लागे, म्हणजे संगीन बसली की गोळी सुटत नसे आणि गोळी सोडायची तर संगीन उपसून काढावी लागे. 1689 मध्ये स्कॉटलंडातील किलिक्रँकीच्या लढाईत सरकारी शिपाई संगिनी बसवण्याच्या खटपटीत असतानाच डोंगराळ मुलखातील लढवय्ये त्यांच्यावर येऊन कोसळले. त्याच सुमारास जी सुधारणा रूढ झाली तिच्यात पात्याला खाच असलेली नळकांडी जोडलेली असे. ती नळीवर ढकलून थोडी फिरवली की घट्ट बसे आणि पाते नळीच्या बाजूला राहत असल्यामुळे गोळीची वाट मोकळी राही. ढकलून फिरवण्याची ही रीत पुढे युद्धाशी संबंध नसलेल्या ठिकाणीही गेली, आणि घरातील दोन खुंट्यांच्या विजेच्या दिव्याची किंवा कॅमेऱ्याच्या भिंगाची बैठक आजही याच शस्त्राच्या नावाने ओळखली जाते. लष्करी दृष्टीने त्या सुधारणेचा परिणाम मोठा होता, कारण बंदूकवाल्यांच्या रक्षणासाठी वेगळे भालाईत ठेवण्याची गरज उरली नाही. लांबून मारणारा आणि जवळून मारणारा हे दोघे एकाच शिपायात सामावले.

मात्र जवळून मारण्याचे काम संगिनीने प्रत्यक्षात फार थोडे केले. अमेरिकेच्या 1861 ते 1865 या यादवी युद्धात उत्तरेच्या रुग्णालयांत नोंदलेल्या जखमांपैकी संगीन आणि तलवार यांच्या जखमा मिळून शेकडा एकही भरत नाहीत. संगिनीचा घाव बसलेला मनुष्य रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसेल अशी शंका यावर घेता येते आणि तिच्यात काही तथ्यही आहे. तरीही बहुतेक अभ्यासकांचा कौल असा की संगिनी रोखून येणारी रांग पाहिली की समोरचे लोक भिडण्याआधीच पळत किंवा शरण येत. मे 1818 मध्ये कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने तोफांनी चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, तट फोडून गोंडराजांची ही जुनी राजधानी भोसल्यांच्या किल्लेदाराकडून घेतली. अशा वेळी खिंडारातून आत शिरणाऱ्या तुकडीच्या हाती जे शस्त्र असे ते हेच, आणि तटाआड उभ्या असलेल्या माणसाचे मन मोडणे हे त्याचे पहिले काम असे. याचा अर्थ संगिनीची शक्ती तिच्या पोलादापेक्षा समोरच्याच्या मनात अधिक राहते. भयाला अशा रीतीने एक प्रकारची संमती लागते, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

दुसरे मन संगीन धरणाऱ्याचे. त्याच्यावरही हे शस्त्र काम करते, किंबहुना आधी त्याच्यावरच करते. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश कवायतीत नव्या शिपायाला पेंढा भरलेल्या पुतळ्यांवर ओरडत धावून जायला, भोसकायला, पाते उपसून पुढच्या पुतळ्याकडे जायला शिकवीत, आणि ही कवायत खंदकातील प्रत्यक्ष उपयोगापेक्षा शिपायाच्या वृत्तीसाठी आवश्यक आहे असे तिचे पुरस्कर्ते उघडपणे सांगत. अमेरिकेच्या भूदलाने संगीन-हल्ल्याची कवायत प्राथमिक प्रशिक्षणातून वगळली ती 2010 मध्ये, म्हणजे अशा हल्ल्यांचे युग संपून कित्येक दशके लोटल्यावर. निरुपयोगी ठरलेले शस्त्र इतका काळ शिकवले जाते, तेव्हा त्या शिकवणीचा विषय शस्त्र नसून मन आहे हे मान्य करावे लागते.

या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेला एक भेद उपयोगी पडतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाल्यानंतर 16 ऑक्टोबरला चंद्रपूर येथे त्यांनी दुसरा दीक्षासमारंभ केला, आणि त्यांच्या निधनानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि धम्म यांवरील ग्रंथात त्यांनी अहिंसेची मांडणी केली. त्यांच्या मते बुद्धाने अहिंसा नियम म्हणून सांगितली नाही, तत्त्व म्हणून सांगितली. नियम पाळायचा किंवा मोडायचा एवढेच माणसाच्या हाती असते, तर तत्त्व त्याला प्रसंग पाहून विचार करण्यास मोकळे ठेवते. त्याच विवेचनात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. गरज प्रसंगातून येते आणि प्रसंगाबरोबर संपते. इच्छा माणसात घर करते आणि प्रसंग शोधू लागते. हा भेद हाती घेऊन संगिनीकडे पाहिले तर तिचे खरे स्वरूप उघड होते. गोळी झाडणारा शिपाई दूर असतो, त्यामुळे केवळ गरजेच्या जाणिवेने त्याचे बोट चाप ओढू शकते. पण एका हाताच्या अंतरावर असलेल्या, श्वास ऐकू येणाऱ्या माणसाच्या पोटात पाते घालायचे तर नुसती गरज हाताला पुढे नेत नाही, तिथे इच्छा लागते, आणि ती सामान्य माणसात तयार नसल्यामुळे कवायतीने निर्माण करावी लागते. संगीन म्हणजे गरजेचे इच्छेत रूपांतर करण्याचे साधन होय. साधन नैतिक दृष्ट्या कोरे असते हा पहिला पक्ष या कसोटीला उतरत नाही, कारण हे साधन वापरणाऱ्याला आधी आपल्याजोगा बनवून घेते.

तथापि दुसरा पक्षही जसाच्या तसा स्वीकारता येत नाही, आणि तो का स्वीकारता येत नाही हे याच मुलखातील गोंड धर्माच्या आधारे सर्वांत स्पष्टपणे दाखवता येते. पूर्वी हैदराबाद संस्थानात असलेला राजुऱ्याचा भाग आणि त्याला लागून असलेला आदिलाबादचा डोंगराळ प्रदेश येथील राजगोंडांचा कुळदेव म्हणजे पेरसापेन. पेन म्हणजे देव आणि पेरसापेन म्हणजे मोठा देव. क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून जे लिहिले त्यानुसार या देवाची मुख्य खूण म्हणजे भाल्याचे लोखंडी पाते आणि त्यासोबतची चवरी. वर्षातून ठरलेल्या महिन्यांत कुळाचे लोक एकत्र जमतात, कटोरा म्हणजे कुळाचा पुजारी पाते बाहेर काढतो, ते बांबूच्या दांड्यावर चढवले जाते, आणि परधान, म्हणजे गोंडांच्या कुळकथा पिढ्यान्‌पिढ्या जतन करणारा गायक, किकरी हे तंतुवाद्य वाजवून त्या कुळाचा उगम आणि प्रवास गाऊन सांगतो. कुळे सगा नावाच्या गटांत विभागलेली असतात. ज्यांचे देव भाऊ ते लोकही भाऊ, म्हणून त्यांच्यात सोयरीक होत नाही. कुळातील मनुष्य मेला की योग्य विधींनंतर तो पेरसापेनला आणि आधी गेलेल्या पूर्वजांना जाऊन मिळतो, अशी श्रद्धा आहे. गडचिरोलीच्या दक्षिणेकडील माडिया लोकांत देवांची रूपे आणि पूजेच्या रीती निराळ्या आहेत, त्यामुळे हे वर्णन सर्व गोंडी भाषकांना सरसकट लावू नये.

दांड्यावर बसवलेले पाते एवढेच पाहिले तर आकाराने पेरसापेनच्या खुणेत आणि नळीवर चढवलेल्या संगिनीत फारसा फरक नाही. दोन्ही ठिकाणी लोखंडाला टोक आहे, दोन्ही ठिकाणी ते एरवी वेगळे ठेवून ठराविक वेळी चढवले जाते, दोन्हींभोवती शिस्त आहे. तरीही एका ठिकाणी ते माणसाला इच्छेपर्यंत ढकलते आणि दुसऱ्या ठिकाणी ते माणसांना नात्यात बांधते. हा फरक केवळ हेतूचा आहे असे म्हणणे अपुरे होईल, कारण हेतू मनात असतो आणि बदलतो. येथे फरक व्यवस्थेचा आहे. कुळाचे पाते कोणा एकट्याच्या मालकीचे नसते, ते कोणी आपल्या मर्जीने घेऊन बाहेर पडू शकत नाही, ते ज्यांच्यासमोर उभारले जाते तेच त्याचे धनी असतात, आणि त्यांच्यात जिवंतांबरोबर मेलेलेही धरलेले असतात. पाते उचलणारा कटोरा आपल्या समोर बसलेल्या सर्वांना उत्तर देणे लागतो. संगीन धरणारा शिपाई मात्र उत्तर देतो ते पाठीमागून हुकूम देणाऱ्याला. ज्याच्या छातीवर टोक आहे त्याला काही विचारण्याचा अधिकार त्या रचनेतच नाही. शस्त्राची नैतिकता ठरवताना मनाइतकेच हेही पाहावे लागते की त्या शस्त्रासंबंधी जाब कोण विचारू शकतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो. पूजा ही हिंसेला पावित्र्याचा मुलामा देण्याची युक्तीही असू शकते, दसऱ्याला नांगर, वही, तराजू यांच्या रांगेत तलवार आणि बंदूकही मांडली जाते, आणि पूजलेले शस्त्र दुसऱ्याच दिवशी अन्यायासाठी उपसले गेल्याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ आहेत. हा आक्षेप खोडून काढता येत नाही, आणि तो खोडून काढण्याची गरजही नाही. पूजेने शस्त्र निर्दोष होते असा दावा येथे नाही. ज्या पूजेत जाब विचारणारे लोक प्रत्यक्ष हजर असतात ती शस्त्राला मर्यादेत ठेवू शकते, एवढेच म्हणणे आहे, आणि ते लोक उठून गेले की तीच पूजा पोकळ होते. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी 1858 मध्ये गोंड, माडिया आणि रोहिले यांना जमवून इंग्रजांविरुद्ध जंगोम सेना लढवली, तेव्हा भाले आणि तिरकमठे खऱ्या रणात उतरले. 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. त्या उठावाचे समर्थन करायचे तर ते गरजेच्या आधारेच करावे लागेल, भाला पवित्र होता म्हणून नव्हे.

सत्तेच्या बाजूने या प्रश्नाचा विचार कौटिल्याने केला. दंड म्हणजे शासन करण्याची आणि शिक्षा देण्याची राजाची शक्ती. तिच्यावाचून मोठा मासा लहान माशाला गिळतो तशी समाजाची अवस्था होते, म्हणून दंड हवाच, असे तो मानतो. पण त्याच ठिकाणी तो सांगतो की कठोर दंडाने लोक भेदरतात, मवाळ दंडाने राजाचा अवमान होतो आणि योग्य दंडालाच मान मिळतो, आणि काम, क्रोध किंवा अज्ञान यांपोटी दंड चुकीच्या रीतीने वापरला तर वानप्रस्थ आणि परिव्राजक, म्हणजे संसार सोडलेले लोकसुद्धा संतापतात. राज्य टिकवण्याचे शास्त्र लिहिणारा हा ग्रंथकार दंडाचे मोजमाप तो ज्यांच्यावर पडतो त्यांच्या बाजूने करतो, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

संसार सोडलेला मनुष्य दंडामुळे संतप्त होतो म्हणजे काय, हे 1942 मध्ये चिमूरच्या निमित्ताने दिसले. त्या वर्षी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तो भाग आधीच जागा झालेला होता. 16 ऑगस्ट 1942 रोजी, नागपंचमीला, चिमूरमध्ये मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळीबार केला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा त्यात मारला गेला, आणि चिडलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना आणि पोलिसांना ठार केले. जमावाचे हे कृत्य गरज आणि इच्छा यांच्या सीमारेषेवर नेमके कोठे पडते, याचा निवाडा देशप्रेमाच्या भरात सोडून देऊ नये. गोळीबाराने पेटलेल्या लोकांच्याही हाती त्या क्षणी इच्छाच शिरली होती असे म्हणावे लागते. तीन दिवसांनी गोऱ्या सैन्यासह फौज गावात आली. पुरुषांची धरपकड झाल्यावर शिपाई घराघरांत शिरले, आणि त्यांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांच्या तक्रारी नागपूर-वर्ध्यापर्यंत पोहोचल्या. येथे समोर कोणतीही रांग नव्हती, तट नव्हता, लढणारा शत्रू नव्हता. मन मोडण्यासाठी घडवलेले शस्त्र ज्यांच्यापुढे आले त्यांनी ना हल्ला केला होता ना त्यांना पळायला जागा होती. गरजेचा लवलेशही उरलेला नसताना कवायतीने घडवलेली इच्छा काय करते, त्याचे याहून उघड उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही. 28 ऑगस्टला तुकडोजी महाराजांना चंद्रपूर येथे अटक झाली.

सेवाग्रामच्या आश्रमात राहणारे जयकृष्ण भणसाळी हे पूर्वाश्रमीचे प्राध्यापक आणि मोठे व्रतस्थ. चिमूरच्या स्त्रियांवरील अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून ते दिल्लीला व्हाइसरॉयच्या मंडळाचे सदस्य बापूजी अणे यांच्याकडे गेले, आणि नोव्हेंबर 1942 मध्ये त्यांनी उपोषण आरंभले. सरकारने त्यांना पकडून परत आणले, तेव्हा ते चिमूरकडे पायी निघाले. पुन्हा त्यांना आणले गेले. उपोषण 63 दिवस चालले. त्याच्या बातम्या छापण्यास बंदी घातली गेल्यामुळे जानेवारी 1943 मध्ये देशातील अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंकच काढला नाही, आणि 12 जानेवारीला सरकारशी तडजोड होऊन उपोषण सुटले. चिमूर आणि त्याच काळात असाच उद्रेक झालेल्या आष्टी येथील खटल्यांत झालेल्या फाशीच्या अनेक शिक्षा, अनसूयाबाई काळे आणि इतरांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर, पुढे जन्मठेपेत बदलल्या.

उपोषण हाही बळजबरीचा एक प्रकार आहे, असे म्हटले जाते आणि गांधींनी स्वतः उपोषणाचा दुरुपयोग होऊ शकतो हे वारंवार सांगितले होते. स्वतःचा प्राण पणाला लावून समोरच्याला पेचात पकडणारा मनुष्य त्याच्या स्वातंत्र्यावर दडपण आणतोच. भणसाळींच्या बाबतीत या आक्षेपाचे उत्तर त्यांच्या मागणीच्या स्वरूपात आहे. त्यांनी सूड मागितला नाही, कोणाला फासावर चढवण्याची मागणी केली नाही. काय घडले ते शोधून सांगावे, एवढेच मागितले. ज्याच्यावर टोक रोखले त्याला संगिनीच्या व्यवस्थेत प्रश्न विचारता येत नाही, आणि भणसाळींच्या उपोषणाने नेमका तोच प्रश्न विचारण्याचा अधिकार परत मागितला. भयाला संमती लागते असे वर म्हटले. भणसाळींनी ती संमती आपल्यापुरती काढून घेतली. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची गणना अभयापासून सुरू होते, आणि अभय आधी असल्याशिवाय पुढचे गुण टिकत नाहीत असा त्या क्रमाचा अर्थ लावला तर तो येथे तंतोतंत लागू पडतो. तरीही अभय हा मठातील साधकाला साधणारा गुण, घरात मुले असलेल्या स्त्रीकडून तीच अपेक्षा करणे निर्दयपणाचे, हे मान्यच केले पाहिजे. चिमूरच्या स्त्रियांनी झालेले अत्याचार बोलून दाखवले, हे धैर्य उपोषणापेक्षा कमी तोलाचे नव्हते.

धम्मदीक्षेची भूमी असलेल्या याच चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीजवळ दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे आणि त्याच भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी आहेत. अंगुत्तर निकायातील एका सुत्तात उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला सांगितला आहे. वेतनावर काम करणाऱ्या कामगाराला हा निर्बंध लागतो की केवळ व्यापाऱ्याला, यावर मतभेद होऊ शकतात. व्यापारी माल कोणाला विकायचा ते ठरवतो आणि कामगार ठरवत नाही, हा फरक बारीक असला तरी खरा आहे. त्याहून कठीण गोष्ट अशी की आपण घडवलेली वस्तू कोणावर आणि कोणत्या गरजेने वापरली गेली हे विचारण्याची सोय त्या कामगाराला कुठेही नाही, आणि त्यामुळे आंबेडकरांचा भेद त्याच्या हाती असूनही त्याला तो लावून पाहता येत नाही.

1980 च्या सुमारास गडचिरोलीच्या जंगलात सत्तेचा उगम बंदुकीत मानणारी माओची विचारसरणी घेऊन सशस्त्र दले आली, आणि 1990 मध्ये पोलिसांनी त्यांच्याविरुद्ध सी-60 ही खास तुकडी उभारली. ज्या माडिया आणि गोंड गावांच्या नावाने दोन्ही बाजू लढल्या, त्या गावांना दोन्हींपैकी कोणालाही जाब विचारणे बहुधा शक्य झाले नाही. खबऱ्या ठरवून मारलेल्या माणसाच्या घरच्यांना हे तत्त्वज्ञान समजावून सांगण्याची गरज पडत नाही. हाना आरेंट हिने 1970 मध्ये मांडले की हिंसा सत्तेचा नाश करू शकते, पण सत्ता निर्माण करू शकत नाही, कारण सत्ता लोकांच्या एकत्र येण्यातून उपजते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने हे ग्रामसभेत करून दाखवले. तेथे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात, म्हणजे एकाही माणसाला मान खाली घालायला लावून ठराव पुढे जात नाही, आणि 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. पण तो हक्क ज्या कायद्याने मान्य केला तो 2006 मध्ये संसदेने केला आहे, त्याची अंमलबजावणी करणाऱ्या शासनाच्या हाती दंड आहे, आणि बाहेरचा कोणी बळाने ते जंगल घ्यायला आला तर मेंढ्याला त्याच दंडाकडे धाव घ्यावी लागेल. त्या वेळी गावाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या शिपायाला ग्रामसभा जाब विचारू शकेल की नाही, याचे उत्तर अद्याप कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.